‘ग्रुपवर टाकलं होतं ना!’

अकोल्याहून वाशिमकडे निघालं की घाट लागायच्या आधी पातूर येतं. या तालुक्यात रात्रभर पाऊस झोडपून गेला, की सकाळी चहाच्या आधीच मोबाइल वाजू लागतात. ग्रुपवर निरोप पडतो: ‘आलेगाव, चान्नी, सस्ती भागातील नुकसानीची प्राथमिक माहिती अकरा वाजेपर्यंत द्यावी.’ पटवारी (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी) चिखल तुडवत वावरात जातात, जीपीएसचा शिक्का उमटणाऱ्या कॅमेऱ्यानं फोटो काढतात आणि बांधावरूनच ग्रुपवर टाकतात. कृषी सहायक आकडे टाकतो. अकराला अहवाल तयार. यात वाईट काहीच नाही. पूर्वी याच कामाला दोन-तीन दिवस सहज जात.

पंचाईत होते ती दोन वर्षांनी. एखादा शेतकरी येऊन विचारतो, ‘साहेब, माह्या वावराचा पंचनामा झाला होता का नाही?’ टेबलावरचा बाबू म्हणतो, ‘तवाच्या पटवाऱ्यानं ग्रुपवर टाकलं होतं न बाप्पा.’ ते पटवारी बदलून गेलेले, त्यांचा फोन त्यांच्यासोबत गेलेला आणि संचिकेत काहीच नाही.

हे चित्र काही एकट्या पातूरचं नाही. ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था, आरोग्य केंद्र, कुठंही जा, काम व्हॉट्सअॅपवर होतं आणि नोंद हवेत राहते. त्यामागं निष्काळजीपणापेक्षा काही पक्के बसलेले गैरसमज जास्त आहेत.

‘व्हॉट्सअॅप म्हणजे निरोपानिरोपी. रेकॉर्ड म्हणजे कागद.’

कायदा असं म्हणत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 मध्ये ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेल आहेत, अभिप्राय, सूचना, आदेश आहेत आणि कोणत्याही इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला मजकूरही आहे. ‘अभिलेख’ या शब्दाच्या व्याख्येत संगणकानं किंवा अन्य उपकरणानं तयार झालेलं साहित्य येतं. मोबाइल हे उपकरण नाही, असं म्हणायला कुणी धजावणार नाही. त्याच वर्षीचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम तर थेट दंडाची भाषा करतो: सरकारी अभिलेख ठरवून दिलेली रीत सोडून नष्ट केला, तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आपल्याकडच्या कार्यालयांना याचं उत्तर बाहेरून शोधायची गरजही नाही. तहसिलीत किंवा पंचायत समितीत ज्यानं थोडे दिवस काढले, त्याला सहा गठ्ठा पद्धत पाठ असते. चालू प्रकरणांचा एक गठ्ठा, उत्तराची वाट पाहणाऱ्या प्रकरणांचा दुसरा, मग नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि शेवटी नष्ट करायची. जतनाचे वर्गही ठरलेले: ‘अ’ कायमचा, ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ 10 वर्षं, ‘क-1’ 5 वर्षं आणि ‘ड’ 1 वर्ष. आता यात एक गोष्ट पाहा. वर्ग ठरतो तो विषयावरून. कागद जाड की पातळ, हातानं लिहिलेला की टंकलेला, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. मग तो निरोप व्हॉट्सअॅपवर आला म्हणून नियम का बदलावा?

‘उद्या झेंडावंदनाला सव्वासातला हजर राहावे’ हा निरोप दुसऱ्या दिवशी संपला. तो पुसला तरी कुणाचं काही अडणार नाही. पण ‘अमुक गटातील अतिक्रमण आजच काढा’ हा निरोप त्या प्रकरणाच्या संचिकेतलाच कागद आहे, आणि ती संचिका जितकी वर्षं ठेवायची तितकी वर्षं तोही ठेवायचा. एकाच ग्रुपवर, एकाच सकाळी, एकाखाली एक पडलेल्या दोन निरोपांचं आयुष्य वेगवेगळं असू शकतं. व्हॉट्सअॅपला हा फरक कळत नाही. तो बाबूलाच कळावा लागतो. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे.

व्हॉइस मेसेजचं दुखणं याहून मोठं. ‘ते प्रकरण जरा पाहून घ्या’ असं साहेब गाडीत बसून बोलतात आणि खालचा माणूस ‘पाहून घेतो’. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 सांगतात, की वरिष्ठांच्या निर्देशावरून काम करताना तो निर्देश शक्य असेल तिथं लेखी घ्यावा आणि नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा मिळवावा. हा नियम खालच्या माणसाला वाचवण्यासाठी आहे, आणि नेमका तोच तो वापरत नाही. कारण उघड आहे: साहेबांना ‘हे लेखी द्या’ म्हणायचं कुणी?

‘मोबाइल माझा, रिचार्ज माझा, त्यातलं सगळं माझं.’

लग्नाचे फोटो तुमचे. गावातल्या घरकुलांच्या यादीवर तुम्ही साहेबांना कळवलेला अभिप्राय कार्यालयाचा. फोन कुणाचा यावरून हे ठरत नाही, काम कुणाचं यावरून ठरतं. आणि कार्यालयाचा म्हटला की तो माहितीच्या अधिकारात मागताही येतो: अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराला तीस दिवस असतात. अर्ज आल्यावर मागितलेली माहिती कुणी पुसली, तर दिवसाला 250 रुपये या हिशेबानं 25 हजारांपर्यंतची शास्ती माहिती आयोग लावू शकतो. अकोला जिल्ह्यातली अपिलं अमरावती खंडपीठापुढे जातात. अर्थात याचा अर्थ कुणीही उठून कर्मचाऱ्याचा अख्खा मोबाइल मागावा, असाही नाही. खासगी बाबींना कायद्यानं संरक्षण आहे. म्हणूनच कामाचं आणि घरचं एका फोनवर कालवून ठेवणं त्या कर्मचाऱ्याच्याच गैरसोयीचं.

‘व्हॉट्सअॅपमध्ये आहेच की सगळं.’

इथं मात्र तंत्र नीट समजून घ्यावं लागेल. संदेश पोहोचला की व्हॉट्सअॅप तो आपल्या सर्व्हरवर ठेवत नाही. न पोहोचलेला तीस दिवस थांबतो आणि मग पुसला जातो. 2016 पासून सगळे संदेश कूटबद्ध जातात, त्यामुळे कंपनीकडे मागूनही मजकूर मिळायचा नाही. म्हणजे तुमची नोंद राहते ती ग्रुपमधल्या माणसांच्या फोनमध्ये, आणि फारतर त्यांच्या स्वतःच्या गुगल खात्यातल्या बॅकअपमध्ये. फोन शेततळ्यात पडला, बॅकअप बंद होता, विषय संपला. पाठवणाऱ्याला सगळ्यांच्या फोनमधून संदेश काढून घ्यायला दोन दिवसांहून थोडा जास्त अवधी मिळतो. कुणी ‘डिसअपिअरिंग मेसेज’ चालू करून ठेवलं, तर 24 तासांत, सात दिवसांत किंवा 90 दिवसांत ते आपोआप जातात.

फोटोंचं आणखी निराळं. साधा फोटो म्हणून पाठवलात, की तो आकसतो आणि मूळ फाइलच्या पोटात दडलेली जागेची माहिती गळून पडते. चित्रावर छापलेला जीपीएसचा शिक्का तेवढा उरतो. पण शिक्का हेही शेवटी चित्रच. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. पंचनाम्याच्या फोटोंना ही एवढी सवय लागली तरी खूप झालं.

आणि ‘एक्स्पोर्ट चॅट’? ते करावंच, पण डोळे उघडे ठेवून. त्यातून साध्या मजकुराची फाइल निघते: तारीख, वेळ, नाव, संदेश. नाव येतं ते तुमच्या फोनमध्ये जतन केलेलं. म्हणजे आदेश कुणी दिला, तर ‘साहेब नवीन नंबर’ यांनी. अहवाल कुणी पाठवला, तर ‘भाऊ चान्नी’ यांनी. दहा वर्षांनी ही फाइल उघडणाऱ्यानं काय बोध घ्यावा! शिवाय संदेशावर दाबून दिलेला अंगठा त्या फाइलमध्ये येत नाही. ‘मी अंगठा दिला होता, म्हणजे पोच झाली’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. फाइल काढतानाच कुठला नंबर कोणत्या पदाचा, याची एक यादी सोबत जोडली तर हा घोळ टळतो.

‘स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, पुरावा झाला.’

याचं उत्तर शेजारच्या मराठवाड्यात मिळालं, तेही जरा महागात. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर स्वीकारला गेला, असा प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातच झालेल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. त्याच्या सीडी मिळाल्या. पण इलेक्ट्रॉनिक नकलेसाठी लागणारं, पुरावा अधिनियमाच्या कलम 65-ब खालचं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. 2017 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं निवड रद्दबातल ठरवली. पुढं 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं या प्रकरणात दंडक घालून दिला: मूळ उपकरणच हजर केलं तर प्रमाणपत्र नको, नक्कल देणार असाल तर प्रमाणपत्र हवंच. सगळे प्रयत्न करूनही ते मिळत नसेल, तर न्यायालय ते मागवून घेऊ शकतं. 1 जुलै 2024 पासून 65-ब ची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नं घेतली. आता प्रमाणपत्राला दोन भाग आहेत, दुसरा भाग तज्ज्ञानं भरायचा आणि त्यात फाइलचं ‘हॅश’ मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसाही नोंदवायचा.

व्हॉट्सअॅपला न्यायालयात किंमत नाही, असं मात्र कुणी समजू नये. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका वसुली प्रकरणात व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली नोटीस पोहोचल्याचं निळ्या टिकांवरून मान्य केलं होतं. प्रश्न माध्यमाच्या लायकीचा नाही, तुम्ही ते कसं जपलंत याचा आहे.

‘अॅडमिनच्या मानेवर सगळं’ हा एक लोकप्रिय समज. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठानं 2021 मध्येच सांगून टाकलं, की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. नोंदी जपण्याची जबाबदारीही अॅडमिनची नाही, कार्यालयाची आहे.

‘मग बंदच करून टाका ना ही ग्रुपबाजी!’

असा सूर प्रत्येक बैठकीत एक तरी ज्येष्ठ कर्मचारी लावतो. स्कॉटलंडच्या सरकारनं खरोखरच तसं केलं; करोनाकाळातल्या निर्णयांची चौकशी सुरू झाल्यावर पुसलेल्या संदेशांवरून गदारोळ उठला आणि डिसेंबर 2024 मध्ये सरकारी कामासाठी व्हॉट्सअॅप बंद करण्याची घोषणा झाली. अमेरिकेत तर मोठमोठ्या वित्तसंस्थांनी कामाचे संदेश जपले नाहीत म्हणून नियामकांनी सप्टेंबर 2022 मध्ये एकाच फेरीत अब्जाहून अधिक डॉलरचा दंड वसूल केला. आपल्याकडे रात्री दहाला नदीला पूर आल्यावर ई-ऑफिस उघडून बसा, असं सांगणं मला तरी हास्यास्पद वाटतं. महाराष्ट्र शासनानंही तसं सांगितलेलं नाही. 28 जुलै 2025 च्या शासन निर्णयात समन्वयासाठी व्हॉट्सअॅप, टेलिग्राम वापरायला मुभा आहे. खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, गोपनीय कागद पुढं ढकलू नका आणि बदली झाल्यावर कार्यालयीन खातं रीतसर हस्तांतरित करा, असं त्यात बजावलं आहे.

पातूरसारख्या ठिकाणी याला फार खर्च नाही. ग्रुपवर टाकायच्या आदेशाला आधी जावक क्रमांक द्यावा. ज्या निरोपावर कुणाचा हक्क, पैसा किंवा जमीन अवलंबून आहे, त्याची छापील प्रत सहीशिक्क्यानिशी त्याच दिवशी संचिकेला लावावी. मूळ फोटो कार्यालयाच्या संगणकावर गावनिहाय, तारीखवार उतरवावेत. महिनाअखेर गोषवारा पाठवतो तेव्हाच ग्रुपची एक्स्पोर्ट फाइलही काढावी. बदलीच्या वेळी कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, नोंदवह्या प्रभार यादीत येतात, तशाच फोनवरच्या कार्यालयीन ग्रुपच्या आणि बॅकअपच्या दोन ओळीही याव्यात. आणि शक्य असेल तर कार्यालयाच्या नावाचं एक सिम घ्यावं.

फक्त त्या सिमचा रिचार्ज कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, हे आधी ठरवून घ्यावं. 120 दिवस वापर नसला की व्हॉट्सअॅप खातं काढून टाकतं, आणि बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते.