कुऱ्हाडबंदीनंतर सरपणाचे काय?

तोडलेले झाड पुन्हा वाढते, म्हणून लाकूड हे नवीकरणीय इंधन मानले जाते. सूर्य आणि वारा यांच्या पंक्तीतील हे स्थान मात्र एका अटीवर टिकून आहे. जितके वाढेल तितकेच तोडले पाहिजे. ही अट मोडल्याचे आणि पाळल्याचे, असे दोन्ही परिणाम अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने अनुभवले आहेत.

पर्जन्यछायेतील या गावाची घडी १९७२च्या दुष्काळानंतर विस्कटली. लोक रोजगारासाठी बाहेर पडले, वृक्षतोडीने डोंगर उघडे पडले. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान ही पंचसूत्री अंगीकारली. सुमारे ७० हेक्टर उजाड वनजमीन पुन्हा हिरवी झाली.

केवळ बंदी घालून चूल पेटत नाही. येथे बंदीला पर्यायाची जोड मिळाली. चराई थांबल्याने डोंगरावर गवत वाढले, ते कापून जनावरांना गोठ्यातच घालता येऊ लागले. दुधाचा व्यवसाय वाढला आणि शेण रानोमाळ विखुरण्याऐवजी एका जागी मिळू लागले. त्यातून गोबरगॅसला बळ मिळाले. जंगल राखण्याचा आणि स्वयंपाकघराचा प्रश्न असा एकाच धाग्यात गुंफला गेला.

या प्रश्नाला आरोग्याचीही बाजू आहे. साध्या चुलीत लाकडातील बहुतांश उष्णता वाया जाते आणि धूर घरातच कोंडतो. घरगुती धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर घरोघरी पोहोचला. परंतु तो पुन्हा भरून घेणे परवडले नाही, की गृहिणीला सरपणाकडेच वळावे लागते.

दुसरीकडे, युरोपात लाकडाच्या गोळ्या जाळून वीज निर्माण केली जाते. झाड वाढायला काही दशके लागतात आणि जळायला काही मिनिटे, हा त्यावरील मुख्य आक्षेप. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा विजेच्या अनुदानावर मर्यादा आणल्या. भारतात २०२१च्या धोरणाने औष्णिक केंद्रांना कोळशात जैवभाराच्या गोळ्या मिसळण्यास सांगितले. त्यांचा भर मुख्यतः पिकांच्या अवशेषांवर आहे.

विजेसाठी झाडे जाळणे जमिनीच्या हिशेबातही परवडणारे नाही. सौर पॅनेल सूर्यप्रकाशातील सुमारे २० टक्के ऊर्जेचे विजेत रूपांतर करते. वनस्पती साधारणतः एक टक्का किंवा त्याहूनही कमी ऊर्जा साठवतात. लाकडाचे बलस्थान वेगळे आहे. ते साठवून ठेवता येते आणि हवी तेव्हा उष्णता देते. म्हणून गुऱ्हाळे, भट्ट्या, वाळवणी यांसाठी छाटणीच्या फांद्या, तुराट्या, पऱ्हाट्या यांना पुढेही स्थान राहील. उभ्या झाडाला मात्र त्यात स्थान असू नये.

हिवरे बाजारची ग्रामसभा उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते. सरपणाचाही असाच ताळेबंद गावोगावी मांडता येईल. किती उगवले आणि किती जाळले, हे ज्या गावाला सांगता येईल, त्याच गावाचे लाकूड खऱ्या अर्थाने नवीकरणीय म्हणता येईल.