पट्टे मोजा, मग शेपूट पाहा

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर मास्क लावून डोकं पाण्यात घातलं, की थोड्याच वेळात पट्टेरी माशांचा घोळका जवळ येतो. चपटं अंग, त्यावर उभे काळे पट्टे. स्नॉर्केलिंग करणाऱ्या बहुतेकांच्या फोटोत हाच मासा असतो आणि सगळे त्याला सरसकट ‘सार्जंट मेजर’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात त्या घोळक्यात एकाहून अधिक जाती असू शकतात, आणि त्या वेगळ्या ओळखण्यातच खरी गंमत आहे.

आधी पट्टे मोजावेत. पाच ठळक पट्टे आणि पाठीवर पिवळी झाक असेल, तर तो अ‍ॅबुडेफडफ वायगिएन्सिस. पट्टे सहा-सात, अरुंद, आणि शेपटीची टोकं गोलसर असतील, तर बेंगालेन्सिस. शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला काळा ठिपका दिसला, की तो सॉर्डिडस. अंदमान किंवा लक्षद्वीपला गेलात तर शेपूट आणखी निरखून पाहावी: तिच्या दोन्ही पाकळ्यांवर एकेक काळी रेघ असलेला सेक्सफॅशिएटस तिथे भेटतो. अ‍ॅबुडेफडफ सॅक्सॅटिलिस हा अटलांटिकमधला मासा. लिनियसने त्याचं वर्णन १७५८ मध्ये केलं. जुन्या पुस्तकांत आपल्याकडच्या वायगिएन्सिसलाही तेच नाव दिलेलं सापडतं, म्हणून पुस्तक कुठल्या समुद्राचं आणि कधीचं, हे पाहिलेलं बरं.

रंगावर फार विसंबू नये. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो. आकारही फसवतो, कारण मास्कच्या काचेतून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते. पंधरा सेंटिमीटरचा मासा वीसचा वाटतो. त्यात नर अंडी राखत असला, की त्याचं अंग निळसर पडतं आणि पिवळी झाक लपते.

हा नर मात्र थांबून पाहण्यासारखा. तो खडकाचा एक तुकडा साफ करतो, मादी तिथे अंडी चिकटवते आणि पुढची सगळी राखण त्याच्याकडे. परांनी तो अंड्यांवर पाणी खेळवत राहतो; जवळ येणाऱ्या माशालाच काय, माणसालाही हुसकावतो. एखादा सार्जंट पुन्हापुन्हा अंगावर येत असेल, तर तिथून दूर व्हावं. तो हलला, की इतर मासे अंड्यांवर तुटून पडतात.

पाव टाकून मासे जमवले, तर यातलं काहीच दिसत नाही. दिसते ती झुंबड. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पावसाळा सरून पाणी निवळलं, की खडकाला हात न लावता एका जागी तरंगत राहावं आणि फोटो काढायचा झाला तर मासा आडवा, शेपूट पूर्ण उघडलेली असताना काढावा. ओळख पटवायला तेवढा एक फोटो पुरतो.