सिमेंटच्या पत्र्यातला तंतू

हुबळीच्या देशपांडेनगरात सवाई गंधर्व सभागृहाच्या आसपास फिरताना जुन्या गॅरेजांवर, परसातल्या पडव्यांवर करडे नागमोडी पत्रे दिसतात. खनिज तंतूंनी सिमेंट कसं बळकट होतं यावर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मला हेच पत्रे आठवले. जाडी जेमतेम सहा मिलिमीटर, आणि पावसाळ्यामागून पावसाळे झेलतात.

ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी १९०१ मध्ये अशा पत्र्यांचं पेटंट घेतलं. भारतात १९३४ पासून मध्य प्रदेशातल्या कैमोरला आणि पुढे मुलुंडलाही हे पत्रे बनू लागले.

मला भुरळ पडली ती हाचेक यांच्या यंत्राची. मुळात ते कागद बनवण्याचं यंत्र. हौदात सिमेंट, पाणी आणि अ‍ॅस्बेस्टॉस हा खनिज तंतू यांचा पातळ काला; त्यात जाळीचं पिंप फिरतं. जाळीवर बसलेली साय फेल्टचा पट्टा उचलतो आणि रुळावर थरावर थर गुंडाळत नेतो. हवी ती जाडी आली की थर कापायचा आणि ओला असतानाच साच्यावर नागमोडी करायचा. यात तंतू जेमतेम दहावा हिस्सा, पण कामं दोन करतो. ओल्यात सिमेंटचे कण धरून ठेवतो, नाहीतर ते पाण्याबरोबर जाळीतून निघून जातील. आणि वाळल्यावर पत्र्याला तडकू देत नाही.

हाच तंतू श्वासातून फुप्फुसात रुततो. पोती फोडून तो काल्यात ओतणाऱ्या कामगाराचा आजार वीस ते चाळीस वर्षांनी वर येतो. तोवर तो निवृत्त झालेला असतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर, जपायला सांगितल्या. पन्नासहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे तो परदेशातून येत राहिला.

पर्याय शोधणं सोपं नाही. साधी काच सिमेंटमधल्या अल्कलीने झिजते. इंग्लंडमध्ये ए. जे. मजुमदार यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस झिर्कोनिया घालून टिकाऊ काच घडवली, पण काचेचा गुळगुळीत धागा जाळीवर सिमेंट धरत नाही. सह्याद्रीचा काळा दगड बेसॉल्ट; तोही सुमारे १४५० अंशांना वितळवून धागा काढता येतो, पण अल्कली त्यालाही सोडत नाही. शेवटी एका तंतूच्या जागी दोन आले: सिमेंट धरायला लाकडाचा लगदा, बळासाठी पीव्हीए हा कृत्रिम धागा. पत्रा महागतो. तरीही तोच रस्ता धरायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या घरावर जुना पत्रा असेल, तर तो शाबूत आहे तोवर त्याला भोकं पाडू नका, घासू नका. काढावाच लागला तर पाणी मारून, न फोडता, अख्खा उतरवा. उतरवणाऱ्याला धूळ अडवणारा चांगला मास्क द्या, आणि तुकडे कोरडे झाडू नका.