विश्लेषण : पूर कड्यात, करार पॅरिसमध्ये... नुकसानीचे पैसे कोणी द्यायचे?

२०१९ च्या उन्हाळ्यात आष्टी तालुक्यातली जनावरे चारा छावण्यांत दावणीला होती आणि गावात टँकर आला की हंड्यांची रांग लागत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये याच तालुक्यातल्या कडा परिसरात पुराचे पाणी शिरले. अडकलेल्यांना बाहेर काढण्यासाठी लष्कराचे हेलिकॉप्टर बोलवावे लागले. आष्टी हा पर्जन्यछायेतला तालुका. इथे पुरासाठी हेलिकॉप्टर येईल, असे सहा वर्षांपूर्वी पारावर कोणी म्हटले असते, तर लोक हसले असते.

पूर ओसरला, पंचनामे झाले, सरकारने मदत जाहीर केली. त्याच सुमारास ब्राझीलमधील बेलेम शहरात जगभरातील देश हवामान परिषदेसाठी जमण्याच्या तयारीत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध?

दुष्काळ आणि पूर, दोन्ही एकाच ठिकाणी कसे?

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांमध्ये त्याचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत. हा वायू उष्णता अडवून धरतो. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. ते बाष्प कोसळते तेव्हा एकदम कोसळते. महिन्याचा पाऊस दोन-तीन दिवसांत पडतो आणि मधले खंड लांबतात. उडीद-सोयाबीनच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको: आधी पावसाच्या उघडिपीत पीक माना टाकते, मग काढणीच्या तोंडावर पाण्यात सडते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्य भारतातील मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे दिसले. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पातील वाढते चढउतार हे त्यामागचे एक कारण.

म्हणजे कड्याचा पूर हवामान बदलामुळेच आला का?

एका पुराबद्दल असे थेट म्हणता येत नाही. तापलेल्या जगात अशा पावसाची शक्यता आणि तीव्रता वाढते, एवढे विज्ञान ठामपणे सांगते. दुष्काळाबाबत तर आणखी जपून बोलावे लागते. मराठवाड्याने १९७२ ही पाहिला आहे आणि एल निनोचा फेराही जुनाच आहे. शिवाय पात्रातली अतिक्रमणे, बुजवलेले ओढे, पाणी नसलेल्या भागात वाढलेला ऊस ही कारणे आपल्या घरची आहेत. सगळे खापर हवामान बदलावर फोडले की स्थानिक कारभाऱ्यांची सुटका होते, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

पॅरिसमध्ये नेमके काय ठरले होते?

१९९२ मध्ये रिओला मूळ करार झाला. १९९७ च्या क्योटो करारात श्रीमंत देशांवर उत्सर्जन घटवण्याचे बंधन आले, पण अमेरिकेने तो कधीच मंजूर केला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिसला सगळेच देश एका करारात आले. तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवायची, जमल्यास १.५ अंशांवर रोखायची. मात्र किती उत्सर्जन घटवायचे, हे प्रत्येक देशाने स्वतःच ठरवायचे आणि न पाळल्यास दंड नाही. जागतिक हवामान संघटनेच्या माहितीनुसार २०२४ या वर्षाची वाढ सुमारे १.५५ अंश होती. एका वर्षाने करार मोडत नाही, सरासरी दीर्घकाळाची धरतात. पण दिशा कळते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने करारातून पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा केली.

भारत आज चीन आणि अमेरिकेनंतर तिसऱ्या क्रमांकाचा उत्सर्जक आहे. माणशी हिशेब केला, तर भारतीयाचे वर्षाचे कार्बन उत्सर्जन सुमारे २ टन, अमेरिकी माणसाचे सुमारे १४ टन. आपल्या बीड जिल्ह्यातच परळीला कोळशावर वीज तयार होते. पाण्याअभावी २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात ते केंद्रच बंद ठेवावे लागले होते.

नुकसानभरपाईचा जागतिक निधी आहे ना?

आहे. २०२२ मध्ये इजिप्तला ठरला, २०२३ मध्ये दुबईत सुरू झाला. ज्यांनी प्रदूषण केले त्यांनी, ज्यांचे नुकसान झाले त्यांना मदत करावी, अशी गरीब देशांची जुनी मागणी होती. निधीत द्यायला देशांनी कबूल केलेली रक्कम ८० कोटी डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे ढोबळमानाने ७ हजार कोटी रुपये. पहिल्या टप्प्यात सगळ्या जगासाठी मिळून २५ कोटी डॉलर, म्हणजे साधारण २,२०० कोटी रुपये वाटायचे आहेत. त्यातलाही किमान निम्मा वाटा लहान बेटांना आणि अल्पविकसित देशांना. भारत दोन्हींत बसत नाही.

आता शेजारी हा आकडा ठेवा. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ऑक्टोबरमध्ये एकट्या महाराष्ट्र सरकारने जाहीर केलेले पॅकेज ३१,६२८ कोटी रुपयांचे होते. त्यात रस्ते-पुलांचा खर्चही धरला आहे. तो वजा केला, तरी जगाच्या सबंध निधीपेक्षा एका राज्याचे बिल कितीतरी मोठे निघते. हे बिल भरतो तो इथलाच करदाता.

जुलै २०२५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वानुआतू या बेटराष्ट्राच्या पुढाकाराने आलेल्या प्रकरणात मत दिले: हवामानाची हानी रोखणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास भरपाईची जबाबदारी येऊ शकते. हे मत सल्लावजा आहे, त्यावरून वसुली होत नाही.

मग बाहेरून आपल्याकडे काहीच येत नाही?

येते, पण बहुतेक कर्ज म्हणून. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे गावात ज्याला लोक ‘पोकरा’ म्हणतात, तो बीडसह १५ जिल्ह्यांतील ५,१४२ गावांत राबवला गेला. शेततळे, ठिबक, शेडनेट, फळबाग असे बरेच काही त्यातून झाले. त्यासाठी जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलर मंजूर केले ते कर्ज. उष्णता दुसऱ्याने वाढवली, तिच्याशी जुळवून घ्यायला पैसे उसने काढायचे आणि व्याजासह फेडायचे, असा हा व्यवहार आहे. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतील ७,२०१ गावे घेतली आहेत.

२०२४ च्या बाकू परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले. भारताने तिथेच जाहीर नापसंती नोंदवली. बेलेमला नोव्हेंबर २०२५ मध्ये जुळवून घेण्यासाठीचा पैसा २०३५ पर्यंत तिप्पट करावा, असे ठरले. कोणत्या आकड्याच्या तिप्पट, ते स्पष्ट झाले नाही.

आष्टीच्या शेतकऱ्याच्या हातात काय?

त्या पॅकेजमधले दर: कोरडवाहू पिकांना हेक्टरी १८,५०० रुपये, हंगामी बागायतीला २७,००० आणि बागायतीला ३२,५००, मर्यादा तीन हेक्टर. पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकाचा संयुक्त पंचनामा, मग यादी, मग खात्यात पैसे. माती खरवडून गेलेल्या रानाचा पंचनामा पिकापेक्षा वेगळा होतो. तो वेगळा नोंदवून घेतला आहे का, हे यादी लागण्याआधी तलाठ्याकडे विचारून घ्यावे.