भाजीपाला आणि प्रथिने

आपले स्नायू, रक्त, त्वचा, केस आणि नखे यांच्या घडणीसाठी प्रथिने लागतात. जखम भरून येण्यासाठीही ती लागतात. उर्दूत प्रथिनांना 'लहमियात' म्हणतात. 'लहम' म्हणजे मांस. त्यामुळे पुष्कळांना वाटते, की प्रथिने फक्त गोश्तातच असतात.

मी एकदा वर्गात हा शब्द शिकवत होतो. तेव्हा एका मुलाने हळूच विचारले, "सर, आमच्या घरी गोश्त महिन्यातून एक-दोनदाच येते. मग मी अशक्तच राहणार का?" हा प्रश्न कदाचित तुमच्याही मनात असेल. चला, त्याचे उत्तर शोधू या.

मांस, मासे, अंडी आणि दूध यांत उत्तम प्रथिने असतात, हे खरे आहे. पण ती वनस्पतींतही असतात. मात्र सर्व भाज्यांत त्यांचे प्रमाण सारखे नसते. 100 ग्रॅम पालकात सुमारे 2 ग्रॅम, शेवग्याच्या पाल्यात सुमारे 6 ग्रॅम आणि मटारच्या ताज्या दाण्यांत सुमारे 7 ग्रॅम प्रथिने असतात. तूर, मूग, मसूर यांच्या 100 ग्रॅम कोरड्या डाळीत ती 22 ते 24 ग्रॅम असतात, तर शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम. म्हणून केवळ पालेभाजीवर भागत नाही. तिच्याबरोबर डाळ किंवा उसळ हवीच.

आता थोडा हिशेब करू. वाढत्या वयात दर किलो वजनामागे रोज साधारण 1 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 40 किलो वजनाच्या मुलाला सुमारे 40 ग्रॅम. 120 ग्रॅम कणकेच्या चपात्यांतून 13 ग्रॅम, 100 ग्रॅम तांदळाच्या भातातून 7 ग्रॅम, 60 ग्रॅम डाळीतून 13 ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांतून 7 ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज किती झाली? बरोबर 40!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी 9 अमिनो आम्ले आहारातूनच मिळवावी लागतात. गहू-तांदळात लायसिन कमी असते, ते डाळींत भरपूर असते. डाळींत मेथिओनिन कमी असते, ते धान्यांत अधिक असते. अशा प्रकारे दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात. खिचडी, डाळ-भात, भाकरी आणि मटकीची उसळ हे साधे पदार्थ म्हणूनच पौष्टिक आहेत. दुधी घातलेला दालचाही भाताबरोबर खाल्ला, की हेच साधते.

त्या मुलाला मी हाच हिशेब फळ्यावर करून दाखवला. तो हसला आणि म्हणाला, "सर, मग डाळ उरवायची नाही!"

मित्रांनो, आज जेवताना आपल्या ताटात डाळ किंवा उसळ आहे का, ते पहा. सर्वांना वाढून झाल्यावर अम्मी आणि बहिणीच्या ताटातही ती पुरेशी उरली आहे का, हेही अवश्य पहा.