आधी खोली, मग ग्राफिक्स कार्ड

लेखमाला : आपला संगणक आपण जुळवू – भाग ६

गेल्या आठवड्यात आपण प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांचा एकमेकांशी मेळ कसा बसवायचा ते पाहिलं. या आठवड्यात तेच मशीन पारोळ्यात नेऊन बसवू. धुळे आणि जळगाव यांच्या मधलं, महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशीला टेकतो, वळवाच्या पहिल्या वाऱ्याला लाइट जाते आणि संध्याकाळी दिवे मंद होतात. अशा ठिकाणी दीड-दोन लाखांचं गेमिंग मशीन जुळवायचं तर सुटे भाग निवडण्याचा क्रमच बदलावा लागतो.

बहुतेक जण सुरुवात करतात ती ‘कार्ड कोणतं घेऊ?’ या प्रश्नानं. मग प्रोसेसर ठरतो, रॅम ठरते आणि उरलेल्या पैशांत एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) आणि कॅबिनेट उरकलं जातं. यूपीएसची आठवण पहिल्यांदा मशीन अचानक बंद पडल्यावर येते. ज्या चाचण्या पाहून कार्ड ठरवलेलं असतं, त्या साधारण २०-२५ अंशांच्या खोलीत आणि स्थिर विजेवर घेतलेल्या असतात. खान्देशात या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. म्हणून इथल्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे, की यादी उलटी करा. आधी खोली, मग वीज, मग हवा आणि शेवटी कार्ड. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरात दोन लाख रुपये म्हणजे कपाशीच्या अख्ख्या हंगामाची कमाई असते. ती पहिल्या उन्हाळ्यात वाया जाता कामा नये.

उष्णतेचं साधं गणित

पंख्याचा असो वा द्रवाचा, संगणकातला कोणताही साधा कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. चिपमधली उष्णता उचलून खोलीतल्या हवेत टाकणं एवढंच त्याचं काम. त्यामुळे चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक ठरावीक वाढ. समजा, चाचणीत २४ अंशांच्या खोलीत एखादं कार्ड ७० अंशांवर चाललं. वाढ झाली ४६ अंशांची. तेच कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८६ वर जाईल. आजच्या बहुतेक मोठ्या कार्डांची सुरक्षित मर्यादा ८५ ते ९० अंशांच्या आसपास असते. मर्यादा जवळ आली की कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं. खेळणाऱ्याला ते अडखळल्यासारखं जाणवतं, आणि ज्या वेगासाठी पैसे मोजले तोच वेग हातात येत नाही.

दुसरी बाजू खोलीची. संगणक जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच पसरते. ६०० वॉट ओढणारं मशीन म्हणजे भर उन्हाळ्यात खोलीत लावलेला छोटा हीटर. दार-खिडक्या बंद करून तासभर खेळलं की खोली तापते, तापलेल्या खोलीमुळे मशीन आणखी तापतं, आणि हे चक्र वाढत जातं.

कोणती खोली?

जुनी धाब्याची घरं जाड मातीच्या भिंती आणि मातीचं छत यांमुळे दुपारीही थंड राहायची. आजची वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली याच्या उलट वागते. दिवसभर शोषलेली उष्णता ती रात्री सोडते. बाहेर वारा सुटला तरी आत छत तापलेलंच असतं. मुलांच्या वाट्याला बहुतेक वेळा हीच खोली येते. शक्य असेल तर मशीन तळमजल्यावर, पश्चिमेची भिंत टाळून ठेवा. वरचीच खोली असेल तर स्लॅबवर पांढरा परावर्तक रंग द्या. महागड्या फॅनपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

खोलीत एसी असेल तर त्याचंही गणित करा. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. ६०० वॉटचं मशीन म्हणजे त्या क्षमतेचा सहावा हिस्सा. मशीनसाठी एवढी वाढीव क्षमता धरूनच एसी घ्या. खान्देशात पाण्याचा कूलर घरोघरी असतो आणि कोरड्या उन्हाळ्यात तो खोलीचं तापमान चांगलं उतरवतो. चालू मशीन हवेपेक्षा गरम असल्यामुळे त्या ओलसर हवेचं पाणी भागांवर जमत नाही. धोका असतो तो उडणाऱ्या थेंबांचा. बोअरच्या पाण्यातले क्षार त्या थेंबांबरोबर आत जाऊन बसतात. म्हणून कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, आणि खोलीची खिडकी थोडी उघडी ठेवा.

वीज : जिथे काटकसर करू नये

आता एसएमपीएस. एनव्हिडिया जीफोर्स आरटीएक्स ५०८० हे कार्ड एकटं ३६० वॉट ओढतं आणि कंपनी त्यासाठी ८५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. आरटीएक्स ५०९० चा आकडा ५७५ वॉट आणि शिफारस १००० वॉटची. एवढी मोकळीक लागते, कारण आजची कार्डं क्षणभरासाठी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज मागतात. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात असा क्षणिक झटका एसएमपीएसच्या क्षमतेच्या दुप्पट असला तरी तो सोसता यावा, अशी अट घातली गेली. म्हणून खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा त्यानंतरचं ३.१ लिहिलेलं पाहूनच घ्या.

दुसरा आकडा दुकानात कुणी सांगत नाही. एसएमपीएसची पूर्ण क्षमता किती अंशांपर्यंत मिळते, तो. चांगल्या कंपन्या ५० अंशांवरचा आकडा देतात, काही ४०, तर स्वस्तातल्या त्याहूनही कमी. पारोळ्यात उन्हाळ्यात कॅबिनेटच्या आतली हवा चाळिशी सहज ओलांडेल. तिथे ५० अंशांवर मोजलेलाच एसएमपीएस हवा. ८० प्लस गोल्ड दर्जाचा एसएमपीएस निम्म्या भारावर सुमारे ९० टक्के कार्यक्षमतेनं चालतो. जी वीज वाया जात नाही, ती उष्णताही होत नाही.

डिम लाइटचा, म्हणजे कमी दाबाच्या विजेचा प्रश्न अनेकांना सतावतो. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टमध्ये चालतो, त्यामुळे दाब १८० वर आला म्हणून तो जळत नाही, फक्त जास्त करंट ओढतो. त्यामुळे जुन्या वायरिंगवर आणि सैल प्लगवर ताण येतो. मशीनसाठी मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन आणि १६ अँपिअरचा पॉवर प्लग घ्या. एक्स्टेन्शन बोर्डावर कूलर, टीव्ही आणि मशीन एकत्र नकोत.

खरा घात करतो तो तुटलेला न्यूट्रल. वादळात डीपीकडून येणारी न्यूट्रलची तार निसटली की घरातल्या २३० व्होल्टच्या जागी दाब ४०० व्होल्टच्या दिशेनं चढू शकतो. काही क्षणांत टीव्ही, फ्रिज आणि संगणक सगळंच जातं. त्यावर उपाय म्हणजे मीटरच्या बोर्डात बसवायचा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. ठरावीक मर्यादेबाहेर दाब गेला की तो पुरवठा तोडतो. मशीनच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे, आणि अख्ख्या घराचं रक्षण होतं.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे, असं समजा. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून थोडा करंट पत्र्याकडे सोडतात आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जाणं अपेक्षित असतं. वाट नसेल तर तो तुमच्या हाताची वाट धरतो. खान्देशातली काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते, त्यामुळे हिवाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात कमकुवत होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहा आणि वायरमनकडून ते एकदा तपासून घ्या.

यूपीएसबद्दल मोठा गैरसमज आहे. दुकानात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच पेलतो. मोठं मशीन त्यावर लावलं तर लाइट गेल्या क्षणी तोही बंद पडेल. ६०० वॉटच्या मशीनला १५०० व्हीए, म्हणजे सुमारे ९०० वॉटचा लाइन-इंटरॲक्टिव्ह यूपीएस घ्या, आणि तो शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा असू द्या. त्यात दाब सावरणारी सोय असते, वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. खेळ सेव्ह करून मशीन नीट बंद करायला मिळणारी पाच-सात मिनिटं एवढंच त्याचं काम. घरच्या इन्व्हर्टरवरच मशीन चालवायचं असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे ना, ते पाहा. दुसऱ्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात संगणक बंद पडतो. चांगला एसएमपीएसही वीज तुटल्यावर जेमतेम १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो.

हवा आणि धूळ

पारोळा, अमळनेर, एरंडोल हा सारा कापसाचा मुलूख. जिनिंगच्या दिवसांत हवेत बारीक तंतू असतात आणि एप्रिलपासून रस्त्यांची धूळ. पुढून काचेनं बंद असलेलं कॅबिनेट कितीही देखणं दिसलं तरी इथे नको. पुढची बाजू जाळीची, जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर, पुढे तीन मोठे फॅन आत हवा घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की कॅबिनेटमध्ये किंचित जास्त दाब राहतो आणि फटींतून धूळ ओढली जात नाही. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला फिल्टर झटका. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर ती वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं.

प्रोसेसरसाठी दोन मनोऱ्यांचा एअर कूलर इथे मला जास्त भरवशाचा वाटतो. त्यात पंप नाही. बिघडलाच तर फॅन बिघडेल, आणि तो जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात शोधून बदलता येईल. द्रव कूलरचा पंप गेला तर नवा मिळेपर्यंत मशीन बंद.

आता प्रोसेसर आणि कार्ड

एवढं ठरल्यावर कार्डाची निवड सोपी होते. प्रोसेसरमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी हा उष्ण प्रदेशासाठी फार उपयुक्त आहे. यात ९६ एमबी एल३ कॅशे आहे आणि वाढीव कॅशेचा थर गाभ्यांच्या खाली बसवलेला आहे. आधीच्या पिढीत तो वर असे आणि उष्णतेच्या वाटेत येई. गेममध्ये त्याचा वेग अव्वल, आणि वीज मात्र बहुतेक वेळा १०० वॉटच्या आत. इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५के या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५० वॉट आहे. व्हिडिओ संपादनासारखी कामं असतील तर तो विचारात घ्या, निव्वळ खेळासाठी इथे त्याची गरज नाही.

कार्डाबाबत माझा सल्ला खोलीवरून ठरतो. एसी नसेल तर साधारण ३०० वॉटच्या वर जाऊ नका. आरटीएक्स ५०७० टीआय किंवा रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी ही दोन्ही त्याच घरातली, दोन्हींवर १६ जीबी मेमरी, आणि १४४० पिक्सेलच्या मॉनिटरवर दोन्ही उत्तम चालतात. एसी आणि स्वतंत्र लाइन असेल तर ५०८०. किमतीनं दोन लाखांच्या पुढे असलेलं ५०९० फक्त त्यांनी घ्यावं, ज्यांची खोली, वायरिंग आणि यूपीएस हे सगळं आधीच तयार आहे. ५७५ वॉट म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास ४८ अँपिअर, आणि तो जवळजवळ सगळा एका छोट्या कनेक्टरमधून जातो. हा कनेक्टर वितळल्याच्या घटना २०२२ साली ५०९० च्या आधीच्या ४०९० पासून समोर आल्या. तो शेवटपर्यंत दाबून बसवा आणि कनेक्टरजवळ वायर वाकवू नका.

कार्ड कोणतंही असो, उन्हाळ्यात त्याची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून शक्य तेवढी, २० टक्क्यांपर्यंत खाली आणा. वेग त्या मानानं फार थोडा घटतो आणि उष्णता चांगलीच कमी होते. फ्रेम्सनाही मॉनिटरच्या क्षमतेएवढी मर्यादा घाला. मॉनिटर १६५ हर्ट्‌झचा असताना २५० फ्रेम्स काढणं म्हणजे फुकट उष्णता. विजेचं बिलही पाहा. ६०० वॉटचं मशीन रोज चार तास चाललं तर महिन्याला ७२ युनिट होतात, आणि घराचं बिल महावितरणच्या वरच्या टप्प्यात जाऊ शकतं.

रॅम डीडीआर५, ६००० वेगाची, १६ जीबीच्या दोन पट्ट्या. चार पट्ट्या लावल्या तर वेग बहुधा खाली आणावा लागतो. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव कडाडले, म्हणून गरजेपुरतीच घ्या. एसएसडी चौथ्या पिढीची एनव्हीएमई पुरे आहे. पाचव्या पिढीची जास्त तापते आणि खेळात फरक नगण्य.

खरेदी आणि वॉरंटी

भाग जळगाव, नाशिक किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या, नाहीतर ऑनलाइन मागवा. पक्कं जीएसटी बिल आणि त्यावर सिरियल नंबर हवाच. परदेशातून कुणी आणलेलं कार्ड स्वस्त पडतं, पण भारतात त्याची वॉरंटी चालेलच असं नाही. खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि मूळ खोकी जपून ठेवा. दुरुस्तीसाठी भाग कुरिअरनं पाठवावा लागला तर ती लागतील. पारोळ्यासारख्या गावात सेवा केंद्र दाराशी नसतं, म्हणून दोन सारख्या भागांत ज्याची वॉरंटी जास्त वर्षांची, तो निवडा.

हे सगळं वाचून उत्साह ओसरू देऊ नका. नीट निवडलेलं मशीन खान्देशच्या उन्हाळ्यातही वर्षानुवर्षं चालतं. महानगरातल्या यादीची नक्कल न करता आपल्या हवेचा आणि आपल्या विजेचा अभ्यास करून जुळवलेलं मशीन हे खऱ्या तंत्रज्ञाचं काम आहे, आणि ते पारोळ्यातला मुलगा किंवा मुलगी उत्तम करू शकते.

पुढच्या भागात मॉनिटरची निवड. तोपर्यंत एक काम करा. ज्या खोलीत मशीन ठेवणार, तिथलं तापमान दुपारी तीनला आणि रात्री दहाला आठवडाभर वहीत नोंदवा. संध्याकाळी वायरमनला बोलावून मल्टीमीटरवर तीन आकडे घ्या : फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिले दोन २३० च्या जवळ आणि तिसरा जेमतेम दोन-तीन व्होल्ट असावा. ते तसे नसतील तर खरेदीचा पहिला खर्च वायरिंग आणि अर्थिंगवर करा.