गल्ल्यावरची बँक

किराणा, औषधे, बी-बियाणे किंवा झेरॉक्सच्या दुकानात बसून बँकेची छोटी कामे करणारा माणूस बँकेच्या कागदावर ‘व्यवसाय प्रतिनिधी’ असतो, जनधन योजनेत ‘बँक मित्र’ असतो आणि दुकानाच्या पाटीवर ‘ग्राहक सेवा केंद्र’ किंवा नुसते ‘मिनी बँक’ असतो. खाते उघडणे, पैसे भरणे-काढणे, शिल्लक पाहणे, पैसे पाठवणे, वर्षाला 20 रुपयांचा अपघात विमा काढून देणे, एवढा त्याचा पसारा.

वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यातले शेलूबाजार हे अशा दुकानाला साजेसे गाव आहे. मालेगाव-कारंजा आणि अकोला-मंगरूळपीर हे रस्ते इथे एकमेकांना मिळतात. समृद्धी महामार्गावर जाण्या-उतरण्याची सोयही इथे झाली आहे. आसपासच्या खेड्यांतला सोयाबीन-तूर पिकवणारा कास्तकार खत, किराणा, दवाखाना अशा कामांसाठी इकडे येतो. त्याच खेपेत पैशाचेही काम उरकले, तर बँकेसाठी वेगळा दिवस मोडत नाही. मजुराच्या हिशेबात हा फायदा सगळ्यात मोठा: रांगेत गेलेला दिवस म्हणजे बुडालेला रोज.

दुकानातून बँक चालवण्याची कल्पना भारतात जन्मली नाही. ब्राझीलमध्ये लॉटरीच्या दुकानांतून सरकारी बँकेचे व्यवहार होत आले, तर केनियात 2007 पासून ‘एम-पेसा’ने हेच काम मोबाइल आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारावर सोपवले. भारतात रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2006 मध्ये प्रतिनिधी नेमायला परवानगी दिली, पण सुरुवातीला भर स्वयंसेवी आणि सहकारी संस्थांवर होता. किराणा, औषध आणि रेशन दुकानदारांना दार उघडले ते 2009 च्या अखेरीस. पुढे 28 ऑगस्ट 2014 ला जनधन योजना आली, घरोघरी खाती झाली, आणि आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर पैसे काढण्याची सोय खेड्यांपर्यंत पोचली.

दुकानदारच या कामाला सोयीचा का, हे रोकड कशी फिरते ते पाहिले की कळते. ग्राहक आधार क्रमांक आणि बँकेचे नाव सांगतो, यंत्रावर अंगठा ठेवतो. त्याच्या खात्यातून रक्कम वजा होऊन दुकानदाराच्या खात्यात जमा होते आणि दुकानदार तेवढे पैसे आपल्या गल्ल्यातून मोजून देतो. बँकेची गाडी रोकड घेऊन येत नाही. सकाळपासून साखर-तेल विकून जमलेल्या नोटाच दुपारी कुणाच्या तरी निराधार अनुदानाचे पैसे होऊन बाहेर पडतात, आणि खात्यात आलेल्या रकमेतून दुकानदार ठोक व्यापाऱ्याचे बिल भागवतो. एरवी ती रोकड भरायला त्यालाच शाखेत जावे लागले असते. नुसते बँकेचे काम करणाऱ्या केंद्राला ही सोय नाही. त्याला नोटा शाखेतून आणाव्या लागतात आणि निव्वळ कमिशनवर भाडे-वीज भागवावी लागते. कमिशनचा दर इतका बारीक असतो की दुकानाचा जोडधंदा म्हणूनच तो परवडतो.

बँकेचा फायदा उघड आहे: इमारत नाही, तिजोरी नाही, पगार नाही. 2017 पासून तर आठवड्यातले किमान पाच दिवस, रोज किमान चार तास चालणारे प्रतिनिधीचे ठिकाणही बँकेचे केंद्र म्हणून मोजले जाते.

ग्राहकाला वेळेशिवाय आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे उलगडा. पीएम किसानचा 2000 रुपयांचा हप्ता किंवा लाडक्या बहिणीचे 1500 रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात पडतात. पण घरात दोन-तीन पासबुके असली की नेमके कोणत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुकानदार एकेका बँकेचे नाव निवडून शिल्लक पाहतो आणि पैसे सापडतात. शिवाय इथे चिठ्ठी भरायची नसते, काचेपलीकडच्या साहेबाला विचारायचे नसते. लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हातारीला हा फरक व्याजदरापेक्षा मोठा वाटला, तर नवल नाही.

पण दुकानदाराशी असलेल्या ओळखीला दुसरी बाजूही आहे. ज्याच्याकडे उधारीची वही आहे त्यालाच खात्यातली शिल्लक दिसते. हप्ता आला की उधारी आधी वळती होण्याची शक्यता असते, आणि नवऱ्यापासून लपवून ठेवलेली बचत लपलेली राहत नाही. उमेद अभियानातून बचत गटांच्या बायकांना बँकेच्या प्रतिनिधी, म्हणजे ‘बीसी सखी’, म्हणून उभे करण्यामागे ओळखीच्या दुकानदारापुढे खाते उघडे पडण्याचा संकोच कमी व्हावा असाही विचार आहे. याखेरीज शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्यांचा अंगठा यंत्र पुष्कळदा ओळखत नाही. हप्त्याच्या दिवसांत गल्लाच रिकामा होतो. एका व्यवहाराला 10,000 रुपयांची मर्यादा असल्याने मोठ्या कामाला शाखा सुटत नाही. बनावट ठशांनी खाती रिकामी केल्याचे गुन्हेही देशात घडले आहेत. त्यावर आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करून लागेल तेव्हाच उघडणे हा उपाय उपलब्ध आहे.

नियम बहुतांशी ग्राहकाच्या बाजूचे आहेत, फक्त ते दुकानात क्वचितच सांगितले जातात. प्रतिनिधीने परस्पर ग्राहकाकडून शुल्क घ्यायचे नसते. शुल्क असलेच तर ते बँक लावते. प्रतिनिधीच्या चुकीची जबाबदारी बँकेवर येते. आधार-व्यवहार अर्धवट राहून खात्यातून पैसे गेले आणि हातात आले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते परत जमा व्हायला हवेत. उशीर झाल्यास रोज 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा आदेश आहे. ही भरपाई बँकेने आपणहून द्यायची असते, पण तक्रार करावी लागली तर पावती हाताशी हवी, आणि ती मागून घ्यावी लागते. तक्रार आधी बँकेकडे करायची. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी वकील लागत नाही आणि फीही नाही.